जादा गोळी

"म्हणजे त्या जिन्यावरून मी रोज रांगत चढायचं आणि इथे खाली लोकांनी लिमलेट चोखत आठवणी काढायच्या. असंच ना?" असं म्हणून वहिनीनं हातातली काठी काउंटरवर आडवी टाकली. मागच्या फळीवरच्या बरण्या किणकिणल्या.

"आई, हळू. काच आहे," बबडी म्हणाली.

"काच आहे ते दिसतंय मला. माझे गुडघे तेवढे कुणाला दिसत नाहीत."

"असं कुठं म्हणतंय कुणी? मी एवढंच म्हणतेय की आता, बरोबर आत्ता, दुकान बंद करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. लोक यायला लागलेत. बाबा, तुम्ही सांगा ना!"

बाबा, म्हणजे वहिनीचा नवरा आणि दुकान चालवणाऱ्या आत्याचा धाकटा भाऊ, आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला कुठल्याही भांडणात मत द्यायची वेळ आली की तो आधी चष्मा पुसायचा. आताही त्यानं तो शर्टाच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, "दोघींचंही बरोबर आहे."

"झालं," वहिनी म्हणाली. "तोटी सोडली, पाणी नाही."

आत्या काउंटरच्या आत तिच्या नेहमीच्या उंच स्टुलावर बसली होती. भांडण तिच्या दुकानाचं होतं, पण अजून तिनं तोंड उघडलं नव्हतं. तिची नजर होती ती काउंटरला टेकवून ठेवलेल्या बोर्डावर. बबडीनं तो त्याच दिवशी रंगवून आणला होता. खाकी कागद अर्धाच सोडला होता, पण अक्षरं सगळी दिसत होती. पिवळ्या जमिनीवर लाल, गोलगोल अक्षरं. 'इथे एक गोळी जास्त मिळायची.' खाली बारीक अक्षरांत, 'आजोबांच्या हातची.'

"ताई, तुम्ही बोला," वहिनी तिच्याकडे वळली. "की तुमच्याही तोंडात गोळी आहे?"

"बघू," आत्या म्हणाली.

घरातल्या सगळ्यांना हा 'बघू' पाठ होता. त्याचा अर्थ 'नाही' असाही व्हायचा आणि 'मला थोडा वेळ द्या' असाही. या वेळी कुठला, ते आत्यालाही माहीत नव्हतं.

वहिनीचं खोटं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी जिना बंद सांगितला होता आणि तिच्या दोन्ही खोल्या जिन्याच्या वर. खाली स्वयंपाकघर, त्याला लागून आत्याची झोपायची बोळकंडी, तिच्यात एक खाट मावते आणि माणसानं कूस बदलली की भिंत लागते. आणि पुढे रस्त्यावर उघडणारी एकच ऐसपैस खोली. ते दुकान. त्या खोलीत वहिनीचा पलंग आला असता, शेजारी औषधांचं टेबल आलं असतं, खिडकीतून रस्ता दिसला असता. दुकानात तसंही काय राहिलं होतं? शाळा सुटल्यावरची चार पोरं, त्यांतलीही निम्मी थंड बाटल्या आहेत का विचारून परत जाणारी. आत्यानं मनातल्या मनात हो म्हणून ठेवलं होतं. फक्त ओठांवर आणलं नव्हतं.

तेवढ्यात बबडीनं दुकानाचे फोटो फोनवर टाकले. ती जाहिरातीच्या ऑफिसात होती, तिला अशा गोष्टी चटकन सुचायच्या. बरण्यांची रांग, पितळी तराजू, झिजलेली दगडी पायरी. आणि खाली एक ओळ, 'तुम्हाला हे दुकान आठवतंय का?'

लोकांना आठवलं. इतकं आठवलं की शनिवार-रविवारी पायरीवर गर्दी व्हायला लागली. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, केस रंगवलेले सगळे जण दारात आले की लहान व्हायचे. कुणी म्हणे, ती निळ्या झाकणाची बरणी अजून आहे! कुणी काउंटरच्या कडेवर हनुवटी टेकवून बघे, पूर्वी पोचायची नाही म्हणून. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एक बाई तर पेपरमिंटची गोळी तोंडात टाकून तिथंच रडल्या. नंतर दोन पुड्या घेऊन गेल्या.

आणि बोलता बोलता, आज ना उद्या, प्रत्येक जण त्याच गोष्टीवर यायचा.

"तुमचे वडील काय माणूस होते हो! वजन करायचे आणि वरनं एक गोळी हळूच घालायचे. डोळा मिचकावून."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आत्यानं सरळ सांगितलं होतं. "अहो, ते आमचे वडील नव्हेत. ते समोरचे. आता लॉन्ड्री आहे ना, तिथं होतं त्यांचं दुकान."

तो गृहस्थ हसला. "छे, छे! याच पायरीवर उभा असायचो मी. मला विसर पडेल होय?"

दुसऱ्यालाही तिनं सांगितलं. तिसऱ्याला सांगताना आवाज उतरला. पुढे ती नुसती "हं" म्हणायला लागली. समोरचं दुकान जाऊन जमाना झाला होता. आठवणीला पत्ता लागतो आणि या गल्लीत आता तेवढा एकच पत्ता शिल्लक होता. शिवाय असं बोलणारी माणसं रिकाम्या हातानं जात नव्हती. कितीतरी वर्षांनी बरण्या तळाला गेल्या होत्या आणि आत्याला पुन्हा सकाळी लवकर उठून झाकणं पुसावीशी वाटत होती. आपण कुणाचं तरी आयतं खातोय, हे तिला कळत होतं. पण गोड लागत होतं, त्याला ती काय करणार?

खरी गोष्ट अशी होती की तिच्या वडिलांनी उभ्या जन्मात कुणाला एक गोळी जास्त दिली नव्हती. कमीही दिली नव्हती. गल्ली त्यांना 'काटेवाले' म्हणायची, कारण तराजूचा काटा बरोबर मध्ये उभा राहिल्याशिवाय ते पारडं उचलायचे नाहीत. एक गोळी घातली की पारडं खाली जातंय आणि काढली की वर येतंय, असं झालं की ते खिशातून छोटी पक्कड काढायचे आणि गोळी मधोमध तोडायचे. चट्! अर्धी पारड्यात, अर्धी कोपऱ्यातल्या तुकड्यांच्या बरणीत. समोर उभं पोर त्या अर्ध्या गोळीकडे असं बघायचं की दगडाला पाझर फुटावा. वडिलांना फुटायचा नाही. "तुझं तुला मिळालं," ते म्हणायचे. "कमी असेल तर सांग."

तुकड्यांची बरणी घरच्यांसाठी. आख्ख्या गोळ्या गिऱ्हाइकाच्या, त्यांना हात लावायचा नाही. आत्या लहानपणी गोळ्या खाऊन वाढली असं सगळ्या वर्गाला वाटायचं, हेवा वाटायचा. तिनं आख्खी गोळी तोंडात धरली ती पहिल्यांदा समोरच्या दुकानातली.

समोरच्या दुकानाला पोरं 'जादावाले' म्हणायची. ते गृहस्थ गोल, हसरे, नेहमी घामाघूम. वजन अंदाजपंचे आणि वरनं एक गोळी, ठरलेली. आत्याला एकदा कुणा पाहुण्यानं खाऊला नाणं दिलं, तेव्हा ती चोरासारखी रस्ता ओलांडून तिकडे गेली. पुडी घेतली, त्या दुकानाशेजारी तेव्हा बोळ होता त्या बोळात शिरली आणि गोळ्या मोजल्या. एक जास्त होती. तिला धस्स झालं. तिच्या घरात जास्त म्हणजे चूक. ती धावत परत गेली, मूठ पुढे केली आणि म्हणाली, "काका, तुमची चुकून एक जास्त आली."

जादावाले इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. त्यांनी शेजारच्या शिंप्याला हाक मारून सांगितलं, शिंप्यानं पलीकडच्या न्हाव्याला. दुकानात त्यांचा मुलगा बरण्या भरत होता, तिच्यापेक्षा थोडा मोठा, भुवईवर काच लागल्याची खूण असलेला. तोही हसला. पण त्यानंच तिची मूठ बंद केली. "अगं काटेवाली, ती चूक नाही. ती तशीच असते."

ती गोळी संत्र्याची होती. तिनं घरी जाईपर्यंत गालात धरून ठेवली आणि उंबऱ्यापाशी कडाकडा चावून संपवली, वास येऊ नये म्हणून.

पुढे दोघंही आपापल्या बापाच्या दुकानात उभी राहायला लागली. रस्ता अरुंद, तोंडं समोरासमोर. गिऱ्हाईक नसलं की तो खुणेनं विचारायचा, आज किती गोळ्या तोडल्या? ती पक्कड दाखवायची. बरण्या धुवायला दोन्ही दुकानांना कोपऱ्यावरचा एकच नळ होता. तिथं एका दुपारी साबणाच्या फेसात कोपरापर्यंत हात बुडालेले असताना तो म्हणाला, "दोन्ही दुकानं एक करूया का? वजन तू कर. जादा मी घालतो."

मुलीला विचारायची ही काय रीत झाली, असंही तिच्या मनात आलं आणि यापेक्षा चांगली रीत असूच शकत नाही, असंही आलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. ती काटेवाल्यांची मुलगी होती. "असा जादा घालत बसलात तर एक दिवस बरण्या विकायला काढाल," ती म्हणाली. म्हणाली ती चेष्टेतच. पण आवाज वडिलांचा आला.

तो हसला नाही. त्यानं आपली बरणी उपडी करून पाणी निथळू दिलं आणि घेऊन गेला. पुन्हा त्यानं विषय काढला नाही आणि तिनं, आता काढेल, मग काढेल, करत वाट बघितली. काही वर्षांनी मोठ्या रस्त्यावर चकचकीत दुकान झालं आणि जादावाल्यांनी खरोखरच बरण्या विकल्या. सामान गाडीत चढत होतं तेव्हा आत्या काउंटरच्या आत उभी होती. तिचं म्हणणं शब्दाला शब्द खरं ठरलं होतं. वडील म्हणाले, "बघितलंस?" तिनं बघितलं. गाडी वळेपर्यंत बघितलं.

नंतर स्थळं आली, गेली. आई आजारी, मग वडील अंथरुणाला, भाऊ शिकतोय, दुकान कोण बघणार? कारणांना तोटा नव्हता. पक्कड तिच्या खिशात आली आणि तिथंच राहिली.

भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या बरण्या पुसत होती. बोर्ड तिथंच होता. संध्याकाळी माणूस येऊन वर ठोकणार होता, आत्यानं एकदा मान हलवली की झालं. मान हलवली की दुकान राहणार होतं. स्टूल राहणार होतं, सकाळ राहणार होती. वहिनीचं काहीतरी करता आलं असतं, कुठंतरी खोली बघता आली असती. तिनं स्वतःशी बेत करायलाही सुरुवात केली होती.

"काय काटेवाली, ओळखलंस का?"

बाहेरून कुणीतरी काउंटरवर कोपर टेकवलं होतं, स्वतःचं दुकान असल्यासारखं. केस पांढरे, अंग सुटलेलं, अगदी त्याच्या बापासारखं. एका डोळ्यावर हिरवं कापड बांधलेलं. भुवईवरची खूण तेवढी जागच्या जागी होती.

"तुम्ही… तू? कसा काय?" हातातलं फडकं खाली ठेवायचं भान तिला राहिलं नाही.

"डोळा दाखवायला आलो होतो इकडे. सून म्हणाली, तुमच्या गल्लीतलं दुकान फोनवर आलंय, बघून तरी या. म्हटलं, एक डोळा आहे तोवर बघून घ्यावं."

मग त्या एका डोळ्यानं त्यानं बोर्ड वाचला. सावकाश, ओठ हलवत. आत्याला वाटलं, पायाखालची फरशी उचलली तर बरं.

"लोक आपलं काहीतरी धरून बसतात," ती म्हणाली. "मी नाही सांगितलं कुणाला तसं. सुरुवातीला खरं तेच सांगत होते."

"असू दे गं."

"नाही, सांगत राहायला पाहिजे होतं मी."

"आणि त्या लॉन्ड्रीवाल्यानं काय करायचं? लोक तिथं जाऊन गोळ्या मागतील, तो बिचारा इस्त्री घेऊन मागे लागेल." तो हसला आणि डोळ्याचं कापड सावरलं. "कुठंतरी लिहिलं गेलं ना? बास. बाबा असते तर मजा वाटली असती त्यांना. काटेवाल्यांच्या दारावर आपली गोळी!"

त्यानं रागावायला हवं होतं. रागावला असता तर तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

"घर कसं आहे?" तिनं विचारलं.

"बरं आहे. ही गेली मागच्या वर्षी. मुलगा-सून चांगले आहेत. तू?"

"मी इथंच."

"ते दिसतंय." त्यानं बरण्यांवरून नजर फिरवली. "शंभर ग्रॅम दे. संत्र्याच्या."

आत्यानं बरणी उतरवली. तराजू समोर ओढताना तिनं मनाशी ठरवलं होतं, नुसतं ठरवलं नव्हतं, त्या ठरवण्यानं तिला उमाळा आला होता. आज पारडं जाऊ दे खाली. एक नाही, मूठभर जास्त. पुडी बांधताना काही बोलायचं नाही, नुसतं घालायचं. त्याला कळेल.

गोळ्या पारड्यात पडत गेल्या. काटा सरकला, थरथरला. शेवटची गोळी घातली, पारडं खाली गेलं. काढली, वर आलं. आणि तिचं मन कुठं होतं कुणास ठाऊक, हात मात्र त्याच्या ओळखीच्या वाटेनं खिशात गेला.

चट्!

अर्धी गोळी पारड्यात पडली. काटा मधोमध उभा राहिला. दुसरी अर्धी काउंटरवर, दोघांच्या मध्ये, केशरी, ओबडधोबड. आत्या हातातल्या पकडीकडे बघत राहिली. ती तिथं कशी आली ते तिला कळत नव्हतं आणि फार चांगलं कळतही होतं.

मग त्यानं अर्ध्या गोळीकडे बोट केलं. "ही अजून घरच्यांची?"

"हो," ती म्हणाली.

"तसंच आहे सगळं," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. पुडी त्यानं स्वतःच गुंडाळून घेतली, जपून, डॉक्टरांनी वाकू नको सांगितलेल्या माणसासारखी मान ताठ ठेवून. "येतो मग."

"थांब, अजून थोड्या—" म्हणेपर्यंत तो पायरी उतरला होता. एका डोळ्यानं रस्त्याचा अंदाज घेत, दोन्ही बाजूंना बघत तो पलीकडे गेला आणि लॉन्ड्रीसमोर थोडा रेंगाळला. मग दिसेनासा झाला. आत्याच्या मुठीत गोळ्या होत्या. त्या तिनं परत बरणीत टाकल्या, तर एक तळव्याला चिकटून राहिली.

दिवसभरात आणखी लोक आले. एक जण बोर्ड बघून टाळी वाजवत ओरडला, "अगदी! अगदी असंच!" आत्यानं त्याला वजन करून दिलं. काटा बरोबर मध्ये. त्याला चालला. वरची एक मिळाली नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. आठवण त्याच्याकडे आधीच होती.

तिला पहिल्यांदाच वडिलांची कीव आली. त्यांनी आयुष्यभर कुणाला रेसभर फसवलं नाही. आणि या एवढ्या माणसांपैकी एकालाही ते आठवत नव्हते. कमी न मिळाल्याची आठवण कुणाला राहते?

संध्याकाळी बोर्ड ठोकणारा आला तेव्हा तिनं त्याला परत पाठवलं. मग दुकानाची फळी लावली, आत गेली आणि पानं घेतली. वहिनी भिंत धरत, जिन्याला शिव्या घालत खाली आली. सगळे जेवायला बसले.

"माणूस आला नाही वाटतं?" बबडीनं विचारलं.

"आला होता. परत पाठवला."

"अगं पण का?"

"बोर्डावर लिहिलंय ते खरं नाही. ती गोळी समोर मिळायची, आपल्याकडे नाही."

भावानं चष्मा काढला. "असं कसं म्हणतेस ताई? बाबा वरून कडक होते, पण कधीमधी घालत असतील की एखादी. मला तर पक्कं आठवतंय."

"तुला आठवतंय ते समोरचं. पळत जाऊन घेऊन यायचास आणि खिशात ठेवून विसरायचास. चिकटलेले खिसे मी धुतलेत."

भाऊ चष्मा पुसायला लागला.

"ठीक आहे, मग आपण दुसरं लिहू," बबडी हार मानायला तयार नव्हती. "जे खरं असेल ते. 'इथे बरोबर वजन मिळायचं.'"

वहिनीला एवढं हसू फुटलं की तिला ठसका लागला. "ते वाचून मुंगीसुद्धा यायची नाही गं!"

आत्यालाही हसू आलं असतं. तिनं वहिनीपुढे पाण्याचा पेला सरकवला, तिनं दोन घोट घेईपर्यंत थांबली.

"दुकान शनिवारपर्यंत उघडेन," ती म्हणाली. "रविवारी बरण्या आणि फळ्या काढायच्या. तराजू मोडीत द्या, घरात ठेवू नका. सोमवारी वहिनीचा पलंग खाली येईल."